पन्नास वर्षं, एक वाद्य, एकच डेझिग्नेशन

बार्नी मकेना नावाच्या माणसाचा रेझ्युमे बनवायचा झाला तर तो एका ओळीत संपतो. १९६२ ते २०१२, बँजोवादक, द डब्लिनर्स. बस्स. मधे प्रमोशन नाही, 'सीनियर' नाही, 'प्रिन्सिपल' नाही. दर अडीच वर्षांनी कंपनी बदलणं नाही. ग्रुपच्या नावात स्वतःचं नाव नाही. आज हा कागद कुठल्याही रिक्रूटरकडे पाठवा, तो पहिला प्रश्न विचारेल, "पण या माणसाची ग्रोथ कुठे आहे?"

माझं मत असं की ग्रोथ आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या चार पानी रेझ्युमेपेक्षा जास्त आहे. फक्त ती मोजायचा कॉलम आपल्या एक्सेल शीटमध्ये नाही. आजचा लेख या न सापडणाऱ्या कॉलमबद्दल.

सुरुवातीलाच एक घोळ मिटवून टाकू. 'बँजो' म्हटलं की आपल्याकडे डोळ्यासमोर काय येतं? हळदीची वरात, विसर्जनाची मिरवणूक, टेम्पोवर लावलेले कर्णे आणि कोळीगीतांच्या चाली वाजवणारी बेंजो पार्टी. रितेश देशमुखचा २०१६ सालचा 'बँजो' आठवत असेल (दिग्दर्शक आपले रवी जाधव), त्यातलं वाद्यही तेच. त्या वाद्याचं खरं घराणं जपानी. १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिताने 'ताइशोगोतो' नावाचं टाइपरायटरसारख्या बटणांचं तंतुवाद्य बनवलं, ते हिंडत हिंडत आपल्याकडे आलं, 'बुलबुल तरंग' झालं आणि मुंबईच्या गल्लीबोळांत 'बेंजो' म्हणून नांदायला लागलं. आयरिश बँजोचा या बेंजोशी नावापलीकडे काही संबंध नाही. तो डफासारख्या गोल चौकटीवर कातडं ताणून, त्याला गिटारसारखी मान जोडून, वर तारा लावलेला असतो. पण एक गोष्ट दोघांत सारखी आहे. दोघेही परप्रांतीय, आणि दोघांनाही नव्या गावाने असं काही आपलंसं केलं की ते बाहेरून आलेत हेच लोक विसरले.

बँजो मूळचा आयर्लंडचा नाही. तो अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांवर गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांचं वाद्य. भोपळ्यावर कातडं ताणून ते लोक तो बनवत. पुढे गोऱ्या गवय्यांनी तो उचलला. तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची टिंगल करणाऱ्या ज्या 'मिन्स्ट्रल' मंडळ्या होत्या (तो इतिहास फार काही अभिमानाचा नाही), त्यांच्याबरोबर १८४०च्या दशकात तो आयर्लंडला पोचला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्याचा एक चार तारांचा अवतार निघाला, टेनर बँजो. जॅझ आणि डान्स बँडमध्ये मागे ठेका धरायला तो वापरत. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या आयरिश लोकांनी त्यावर आपल्या गावाकडच्या धुना वाजवायला सुरुवात केली. वॉटरफर्डहून गेलेल्या फ्लॅनगन बंधूंच्या १९२०च्या दशकातल्या तबकड्यांत माइक फ्लॅनगनचा टेनर बँजो ऐकू येतो. पण एकूण आयरिश संगीताच्या घरात बँजो तोपर्यंत पाहुणाच. घरचे म्हणजे फिडल (आपण व्हायोलिन म्हणतो तेच), बासरी, इलियन पाइप्स आणि हार्प.

आता आपला हिरो. बार्नीचा जन्म १६ डिसेंबर १९३९चा, डब्लिनच्या उत्तर भागातल्या डॉनीकार्नीचा. लहानपणी त्याला हवं होतं मँडोलिन. परवडेना, म्हणून हाती आला बँजो. पुढे लष्कराच्या बँडमध्ये जायचा प्रयत्न केला, तर नजर कमी म्हणून घेतलं नाही. म्हणजे प्लॅन ए गेला, प्लॅन बी गेला, आणि जे उरलं त्यावर स्वारी वाजवत बसली.

इथे थोडं टेक्निकल बोलायला लागणार आहे, पण घाबरू नका, दोन परिच्छेदांत आटपतो.

टेनर बँजो अमेरिकेहून आला तेव्हा त्याच्या चार तारा सी-जी-डी-ए अशा लावायची पद्धत होती. जॅझच्या कॉर्ड्‌ससाठी ते सोयीचं. पण आयरिश नृत्यसंगीताचा, म्हणजे रील, जिग, हॉर्नपाइप या सगळ्याचा साठा मुख्यतः फिडल, बासरी आणि पाइप्सवर तयार झालेला. फिडलच्या तारा असतात जी-डी-ए-ई. तुम्ही सी-जी-डी-ए लावलेल्या बँजोवर फिडलची धून काढायला गेलात की बोटांचा सगळा नकाशा एका तारेने सरकतो. फिडलवाला शेजारी बसून शिकवतोय, तुम्ही त्याची बोटं बघताय, आणि तुमच्या डोक्यात सतत कन्व्हर्जन चालू! ज्यांनी जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये डेटा नेताना प्रत्येक फील्डचं मॅपिंग हाताने केलंय त्यांना हे दुःख कळेल.

बार्नीने त्यावर जे केलं ते ऐकायला अगदीच किरकोळ आहे. त्याने जाड तारा घेतल्या आणि बँजो जी-डी-ए-ई लावला, फिडलच्या बरोबर एक सप्तक खाली. संपलं. वाद्य तेच, लाकूड तेच, कातडं तेच. फक्त कॉन्फिगरेशन बदललं. पण त्याचा परिणाम बघा. फिडलचा शेकडो वर्षांचा साठा बँजोवाल्याला बोटांच्या त्याच नकाशाने खुला झाला. शिवाय फिडलबरोबर वाजवताना बँजो एक सप्तक खाली असल्यामुळे दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत. वरून फिडलची रेघ, खालून बँजोचे टणत्कार, आणि धून भरून निघते. (मँडोलिनच्याही तारा जी-डी-ए-ई असतात. परवडलं नाही म्हणून मिळालं नाही ते मँडोलिन पोराने बँजोवरच चढवून घेतलं असावं, असा माझा आपला एक तर्क.)

आता एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर जाणकार माझे कान धरतील. बँजोला असं लावून बघणारा जगातला पहिला माणूस बार्नीच, असा माझा दावा नाही. कुठलीही सोयीची गोष्ट चार ठिकाणी चार जणांना सुचतेच. माझा मुद्दा वेगळा आहे. आज आयर्लंडमध्ये एखादं पोर टेनर बँजो शिकायला बसलं की तो जी-डी-ए-ईमध्येच लावलेला असतो, आणि हे 'असंच असतं' असं त्याला वाटतं. ही पद्धत रूढ होण्याचं श्रेय मिक मलोनीने एकट्या बार्नीला दिलंय. मलोनी स्वतः उत्तम बँजोवादक आणि आयरिश संगीताचा अभ्यासक, म्हणजे त्याच्या शब्दाला वजन आहे. एखादी गोष्ट शोधणं वेगळं आणि ती जगाची डीफॉल्ट सेटिंग होणं वेगळं. दुसरं जास्त अवघड आहे.

ते झालं कसं? त्याला कुणी समिती नेमली नव्हती. पेटंट नव्हतं, पुस्तक नव्हतं, 'बँजो कसा लावावा' असं प्रेझेंटेशन नव्हतं. बार्नी फक्त वाजवत राहिला, आणि अशा जागी बसून वाजवत राहिला की जिथून सगळ्यांना दिसेल.

ती जागा म्हणजे द डब्लिनर्स. मेरियन रो या रस्त्यावर ओ'डोनहूज नावाचा पब आहे. १९६२च्या सुमारास तिथे रॉनी ड्रू, ल्यूक केली, कीरन बर्क आणि बार्नी अशी चौकडी जमली. ग्रुपचं पहिलं नाव 'रॉनी ड्रू बॅलड ग्रुप'. रॉनीला ते आवडेना, तेव्हा ल्यूक केली जेम्स जॉईसचं 'डब्लिनर्स' वाचत होता, त्यावरून नवं नाव पडलं. १९६४ मध्ये फिडलवाला जॉन शीहन आला. हे लोक दिसायला दाढीवाले, आवाजाने खरखरीत, गाणी कष्टकऱ्यांची, दारूची, बंडाची. १९६७ मध्ये त्यांचं 'सेव्हन ड्रंकन नाइट्स' निघालं. आयरिश सरकारी प्रसारण संस्थेने, म्हणजे आरटीईने, ते वाजवायला बंदी घातली, पण रेडिओ कॅरोलाइन या समुद्रातल्या चाचा रेडिओने ते उचलून धरलं, आणि गाणं ब्रिटनच्या यादीत सातव्या नंबरवर गेलं. 'टॉप ऑफ द पॉप्स' झालं, पुढच्या वर्षी अमेरिकेत एड सलिव्हनचा शो झाला. १९८७ मध्ये पोग्स या तरुण बँडबरोबर 'द आयरिश रोव्हर' केलं, ते ब्रिटनमध्ये आठव्या नंबरवर आणि आयर्लंडमध्ये पहिल्या.

यात बार्नी कुठे आहे? बाजूला! हेच तर सांगायचंय. लोक तिकीट काढून यायचे ते रॉनीचा खर्ज आणि ल्यूकचा आवाज ऐकायला. गाणी चालू असताना बँजोचं काम म्हणजे धून धरणं, दोन कडव्यांमधली जागा भरणं. आणि मग कार्यक्रमात एक-दोन वेळा गाणारे गप्प व्हायचे आणि बार्नीची पाळी यायची. 'द मेसन्स एप्रन' ही त्याची हुकमी रील. सुरू करायचा साध्या वेगाने, आणि मग ज्या काही थराला न्यायचा... तेवढी पाच मिनिटं तो स्टेजचा मालक. ती संपली की परत बाजूला.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा माणूस पन्नास वर्षं इंडिव्हिज्युअल कॉन्ट्रिब्यूटर राहिला. फ्रंटमन बदलत गेले. ल्यूक केली मधे गेला आणि परत आला. रॉनी ड्रू १९७४ मध्ये गेला, १९७९ मध्ये परतला, १९९५ मध्ये कायमचा बाहेर पडला. जिम मकॅन आला, शॉन कॅनन आला, पॅडी राइली आला. दर वेळी दर्शनी भाग नवा. पहिल्या चौघांपैकी शेवटपर्यंत खुर्ची न सोडलेला एकटा बार्नी.

आपल्या धंद्यात याला काय म्हणतात माहीत आहे ना? 'स्टॅग्नेशन'. एका वाक्यात माणसाला निकालात काढायची आपली पद्धत आहे: याचा अनुभव वीस वर्षांचा नाही, एकाच वर्षाचा अनुभव याने वीस वेळा घेतलाय. मीटिंगमध्ये टाकायला फार टाळीचं वाक्य आहे. बार्नीकडे बघून मात्र मला या वाक्याबद्दलच शंका यायला लागली.

एक रील म्हणजे किती? साधारण आठ आठ बारचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा. बत्तीस बार झाले की एक आवर्तन. ऐकायला पाऊण मिनिटसुद्धा लागत नाही. त्यात नवीन काही 'शोधायचं' नाही, धून तुमच्या आजोबांच्याही आधीची आहे. बँजोचा सूर तर इतका तोकडा की तार छेडली की क्षणात आवाज मेला. फिडलवाला गजाने सूर लांबवू शकतो, बासरीवाला फुंकरीने. बँजोवाल्याकडे तसलं काही नाही. मग तो काय करतो, तर जिथे इतर लोक एक सूर लांबवतील तिथे प्लेक्ट्रमने तीन झपकन झटके मारतो. याला ट्रिप्लेट म्हणतात, आणि आयरिश बँजोचा सगळा जीव यात आहे. हे ट्रिप्लेट कुठे टाकायचं, कुठे टाळायचं, नाचणाऱ्याच्या पावलाला कुठे उचल द्यायची, हा निर्णय प्रत्येक आवर्तनाला नव्याने घ्यायचा असतो. वाद्याची जी उणीव, तीच त्याची शैली झाली. हे दहा हजार वेळा केल्यावर हातात जे येतं ते शंभर वेगवेगळ्या वाद्यांवर शंभर शंभर वेळा करून येत नाही. म्हणजे एकच वर्ष वीस वेळा घेतलं तरी चालेल, पण ते वर्ष लक्ष देऊन घेतलेलं हवं. वाक्यातली खोट इथे आहे. पुनरावृत्तीला काही दोष नाही, दोष झोपेत केलेल्या पुनरावृत्तीचा आहे.

आपल्याकडे काय होतं? पोरगं चांगलं कोडिंग करतं. पाच-सहा वर्षांत त्याचा हात बसतो. लॉग नुसता चाळून कुठे गडबड आहे हे सांगण्याइतका बसतो. आणि नेमक्या त्या वेळी आपण त्याला बक्षीस म्हणून काय देतो, तर ते काम काढून घेतो! "आता तू टीम सांभाळ." घरचेही खूश, कार्डावर 'मॅनेजर' छापून येतं, लग्नाच्या बायोडेटात बरं दिसतं. त्यातल्या काहींना ते काम मनापासून आवडतं, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. चांगला मॅनेजर ही दुर्मीळ गोष्ट आहे, मिळाला तर जपून ठेवा. पण बाकीचे? ते उरलेली पंचवीस वर्षं कॅलेंडरमधली आमंत्रणं स्वीकारत काढतात, आणि शनिवारी रात्री गुपचूप एखादा छोटा प्रोग्रॅम लिहून बघतात, अजून जमतंय का ते.

आता तुम्ही म्हणाल, झालं, हा आता सगळ्यांना जन्मभर एकाच टेबलाशी बसायला सांगणार. तसं नाही. वर उल्लेख आला त्या मिक मलोनीचंच करिअर बघा. लिमरिकचा, १९४४चा जन्म. आधी जॉन्स्टन्स ग्रुपमध्ये वाजवत होता. १९७३ मध्ये अमेरिकेत गेला. तिथे लोकसाहित्यात पीएचडी केली, न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवलं, तिथे स्थायिक झालेल्या जुन्या आयरिश वादकांना शोधून त्यांचं संगीत लोकांपुढे आणलं. आयरिश-अमेरिकन बायका हे संगीत इतकं सुंदर वाजवतात तर त्यांना व्यासपीठ का नाही, असं म्हणून १९८०च्या दशकात त्यांच्या मैफिली घडवल्या, त्यातून 'चेरिश द लेडीज' हा ग्रुप उभा राहिला. १९९९ मध्ये त्याला अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली. २०२२ मध्ये वारला. म्हणजे बार्नीच्या अगदी उलट: एक माणूस, पाच भूमिका. पण एक गोष्ट लक्षात घ्या, या सगळ्यात त्याने बँजो खाली ठेवला नाही. प्राध्यापक झाला, संशोधक झाला, आयोजक झाला, तरी वाजवतच राहिला. त्याचं 'वर जाणं' हे हातातलं काम टाकून नव्हतं.

तेव्हा मुद्दा 'एकच नोकरी' हा नाही. मुद्दा हात कशावर आहे हा आहे.

दुसरी शंका जास्त गंभीर आहे, आणि ती टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. बार्नीचं नशीब! साठच्या दशकात बॅलडची लाट आली नसती, रॉनी आणि ल्यूकसारखे गाणारे शेजारी नसते, तर डॉनीकार्नीचा हा पोरगा पबमध्ये वाजवून घरी गेला असता आणि त्याचं ट्यूनिंग त्याच्याबरोबरच संपलं असतं. अगदी बरोबर. गाण्यांनी पोट भरलं म्हणून धुना वाजवता आल्या. नुसत्या रील वाजवून पन्नास वर्षं जगभर हिंडणं त्या काळात फारच थोड्यांना जमलं असतं. आणि पैशांचं म्हणाल तर ट्यूनिंगवर कुणी रॉयल्टी देत नाही. आज हजारो बँजो तसे लावले जातात, त्यातला एक पैसाही लावणाऱ्याच्या घरी गेला नाही. पारंपरिक धुनेला रचनाकार नसतो, फार तर तुमच्या अरेंजमेंटचं काही मिळतं.

आणि हे आयुष्य रम्य होतं असंही नाही. पब, दौरे, रात्री, दारू, ही त्या ग्रुपची प्रतिमाही होती आणि दिनक्रमही. कीरन बर्क १९७४ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने कोसळला, पुन्हा पहिल्यासारखा उभा राहिला नाही, १९८८ मध्ये गेला. ल्यूक केलीला मेंदूत गाठ झाली, जानेवारी १९८४ मध्ये गेला, वय अवघं त्रेचाळीस. रॉनी ड्रू २००८ मध्ये. शेजारच्या खुर्च्या अशा एकेक करून रिकाम्या होत असताना त्याच जागी बसून तीच रील वाजवायची, याला फक्त 'पॅशन' म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. आपल्या डोक्यावर गृहकर्ज असतं, पोरांच्या फिया असतात. 'पॅशन फॉलो करा' असं सांगणाऱ्यांचा ईएमआय सहसा फिटलेला असतो :-) त्यामुळे राजीनामे टाका वगैरे मी काही सांगणार नाही.

मग बार्नीकडून घ्यायचं काय? माझ्या मते एक प्रश्न घ्यायचा, आणि तो समजण्यासाठी २०१२ साली काय झालं ते बघावं लागतं.

ते ग्रुपचं पन्नासावं वर्ष. फेब्रुवारीत बीबीसी रेडिओ टूच्या फोक अवॉर्ड्‌समध्ये डब्लिनर्सना जीवनगौरव मिळाला. पन्नाशीचा दौरा चालू होता. २८ मार्चला तिकडे अमेरिकेत अर्ल स्क्रग्ज गेला, पाच तारांच्या ब्लूग्रास बँजोचा बाप. आणि आठच दिवसांनी, ५ एप्रिलला सकाळी, होथमधल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरात टेबलाशी चहा घेता घेता बार्नी गेला. वय बहात्तर. बँजोच्या दोन तऱ्हांचे दोन खांब एका आठवड्यात पडले.

दौऱ्याचं काय? दौरा पूर्ण झाला. त्या खुर्चीत टिपरेरीचा जेरी ओ'कॉनर बसला, जो स्वतः जगातल्या सर्वोत्तम टेनर बँजोवाल्यांपैकी एक मानला जातो. वर्षअखेरीला डब्लिनर्स या नावाला विराम देण्यात आला.

आपल्याकडे 'बस फॅक्टर' नावाचा एक काळा विनोद आहे. तुमच्या टीममधले किती लोक उद्या बसखाली आले तर प्रोजेक्ट बंद पडेल? उत्तर 'एक' असेल तर धोका. तरीही आपल्यापैकी पुष्कळ जण मनातल्या मनात तो 'एक' व्हायचा प्रयत्न करत असतात. डॉक्युमेंटेशन लिहायचं नाही, पासवर्ड सांगायचा नाही, ते एक मॉड्यूल फक्त मलाच कळतं, म्हणून मला कुणी हात लावणार नाही. नोकरीची सुरक्षितता म्हणजे आपल्यावाचून अडणं, असा आपला हिशेब असतो.

बार्नीचा हिशेब उलटा निघाला. १९६२ मध्ये फिडलच्या धुना अशा वाजवणारे बँजोवाले आयर्लंडमध्ये शोधावे लागले असते. त्यानंतर सत्तरच्या दशकात दे दाननमध्ये चार्ली पिगट वाजवत होता, स्टॉक्टन्स विंगमध्ये कीरन हॅनरहन. मग जेरी ओ'कॉनर, अँजेलिना कारबेरी, एंडा स्कॅहिल... पिढ्याच उभ्या राहिल्या. यातला प्रत्येक जण बार्नीसारखा वाजवत नाही, काही जण तर तंत्रात कितीतरी पुढे गेलेत. पण बँजो हे धून वाजवायचं वाद्य आहे, नुसता मागे ठेका धरायचं नाही, हे त्यांना कुणाला भांडून सिद्ध करावं लागलं नाही. ते काम आधीच झालेलं होतं. युनेस्कोच्या वारसा यादीत २०१७ मध्ये इलियन पाइप्सची परंपरा गेली, २०१९ मध्ये आयरिश हार्पची. बँजोला तसलं प्रमाणपत्र नाही. पण कुठल्याही आयरिश पबमधल्या सेशनला जाऊन बघा, कोपऱ्यात कुणीतरी बँजो काढून बसलेलं असण्याची शक्यता बरीच. घरच्यांच्या पंगतीत पाहुण्याचं पान कायमचं मांडलं गेलं. तो येण्याआधी पंगत कशी होती, हे आता कुणाला आठवतही नाही.

हा तो न सापडणारा कॉलम. तुमच्यावाचून किती अडतं हा नव्हे, तर तुम्ही केलेली कुठली गोष्ट आता इतकी सर्रास झालीय की ती कुणी तरी केली होती हेच लोकांच्या लक्षात येत नाही?

हे फार मोठं असायला लागत नाही. टीममध्ये कुणी तरी कधी तरी ठरवलेलं असतं की एरर मेसेज माणसाला कळेल असा लिहायचा. कुणी तरी बिल्ड एका कमांडवर आणलेलं असतं. नवीन आलेल्याला पहिल्या दिवशी कुणी तरी शेजारी बसवून सिस्टिम दाखवायची प्रथा पाडलेली असते. तो माणूस कधीच सोडून गेलेला असतो, नाव कुणाला आठवत नाही, पण आजही सगळे तसंच करतात आणि 'असंच असतं' म्हणतात. माझ्या हिशेबी ते करिअर. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये त्याला जागा नाही हे खरं, आणि त्याने पगार वाढत नाही हेही खरं. पण पगाराची स्लिप दर महिन्याला नवी येते आणि जुनी कुणी बघत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुणी तुम्हाला विचारलं की पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, तर जे उत्तर द्यायचंय ते द्या, नोकरी महत्त्वाची आहे. पण घरी येताना ट्रेनमध्ये दुसरा प्रश्न स्वतःला विचारून बघा: पाच वर्षांनी माझ्या हाताखालून गेलेली कुठली गोष्ट लोक न विचारता तशीच करत असतील? एक जरी सापडली तरी ठीक चाललंय समजा. एकही सापडली नाही तर मात्र प्रमोशन झालेलं असलं तरी थोडं थांबून बघायला हवं.

असो. फार झालं तत्त्वज्ञान. या वीकेंडला वेळ काढून बार्नीचा 'मेसन्स एप्रन' ऐका, जमलं तर स्टेजवरचा, व्हिडिओसकट. पहिल्या वेळी नुसता वेग ऐकू येईल. दुसऱ्या वेळी त्याच्या उजव्या मनगटाकडे बघा, ते तीन झटके कुठे पडतात तिकडे. आणि तिसऱ्या वेळी चेहऱ्याकडे बघा. पुढच्या गाण्याला आपण परत बाजूला जाणार आहोत, याचं त्या माणसाला यत्किंचितही दुःख दिसत नाही.